पाणथळ कुणाची? हतनूरच्या काठावर सापडणारा संशोधनाचा प्रश्न

‘पक्षी बघायला हतनूरला चाललो’ असं म्हणणारे जळगाव-भुसावळकडे पुष्कळ भेटतात. ‘धरण बघायला’ जाणारे त्याहून जास्त, विशेषतः पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की. मात्र ‘पाणथळीचा इतिहास बघायला चाललो’ असं सहसा कुणी म्हणत नाही. आजचा लेख या तिसऱ्या प्रकारच्या भेटीबद्दल आहे. ज्यांची पेट झाली आहे, सिनॉप्सिस लिहायचा आहे, विषय ‘पर्यावरण’, ‘गाव’, ‘लोकसहभाग’ या शब्दांभोवती फिरतोय, पण नेमका प्रश्न हाती लागत नाही, त्यांच्यासाठी तो मुद्दाम लिहितेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पाणथळीकाठच्या गावाबद्दल लिहिताना आपण ‘इथे किती पक्षी येतात’ आणि ‘गावकरी त्यांना कसं जपतात’ इथून सुरुवात करतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. ही पाणथळ केव्हा तयार झाली? तिच्या जागी आधी काय होतं? आणि इथलं पाणी कधी, किती उतरवायचं हे कोण ठरवतं? याची उत्तरं हातात नसतील तर ‘लोकसहभागातून संवर्धन’ हा शब्दप्रयोग प्रबंधात शोभेपुरता उरतो.

आधी जागा समजून घेऊ

तापी मुलताईहून पश्चिमेकडे वाहत येते. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या काळ्या मातीतून येते. दोघींचा संगम मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव इथे होतो. संगमाच्या खालच्या अंगाला, भुसावळ तालुक्यातल्या हतनूरजवळ तापीवर धरण आहे. ऊर्ध्व तापी प्रकल्पाचा हा पहिला टप्पा, १९८२ मध्ये पूर्ण झालेला. भिंतीची लांबी अडीच किलोमीटरहून जास्त, उंची मात्र २५ मीटरच्या आसपास. म्हणजे कोयनेसारखं दोन डोंगरांत अडवलेलं खोल पाणी इथे नाही. मुलूख सपाट, त्यामुळे पाणी आडवं पसरतं आणि काठ उथळ राहतो.

त्यात पूर्णा गाळ आणते. पावसाळ्याच्या सुरुवातीचं गढूळ पाणी दरवाज्यांतून पुढे सोडून देतात, तरी गाळ साठतोच. धरणाची साठवण त्यामुळे घटत गेली आणि पाटबंधाऱ्याच्या इंजिनिअरसाठी ही कायमची डोकेदुखी झाली. पण बदकांना आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना हाच गाळ अन्न पुरवतो. चक्रवाक, मोठी लालसरी, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. सोबत काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला ‘वारकरी’ थव्याने तरंगत असतो. मुक्ताईच्या मेहूणजवळच्या पाण्यात या नावाचा पक्षी दिसावा, याचं कौतुक इथे येणाऱ्याला वाटतंच.

म्हणजे जे धरण सिंचनाचा प्रकल्प म्हणून थोडं थोडं अधू होत गेलं, तेच पाणथळ म्हणून भरत गेलं. २००४ मध्ये भारतातल्या महत्त्वाच्या पक्षी-क्षेत्रांची जी यादी पुस्तकरूपाने आली, तीत हतनूरचं नाव आहे. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था इथे पक्षी मोजण्याचं आणि लोकांना पक्षी दाखवण्याचं काम करत आली आहे. स्थानिक लोकांनी डोळ्यांत तेल घालून केलेल्या अशा मोजण्या नसत्या, तर बाहेरच्यांना हे फक्त एक धरण वाटलं असतं.

इथेच पहिली सावधगिरी. धरण १९८२ चं, म्हणून या पाणथळीचं वय अजून पन्नासही नाही. ‘युगानुयुगं इथे परदेशी पक्षी येतात’ असं वाक्य माहितीपत्रकात चालेल, प्रबंधात नाही. नदी जुनी, संगम जुना, चांगदेवाचं दगडी मंदिर यादवकाळातलं. पण आज दिसतो तो उथळ पाण्याचा पसारा आपल्या आई-वडिलांच्या पिढीत तयार झाला.

नोंद नाही म्हणजे पक्षी नाही?

मग धरणाआधी संगमावर कोणते पक्षी होते? साहजिकच आपण जुन्या नोंदींकडे वळतो. खानदेशासाठी एक फार चांगली नोंद आहे. जेम्स डेव्हिडसन हे इथे काम केलेले इंग्रज सनदी अधिकारी. त्यांची पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८८० मध्ये खानदेशचं गॅझेटिअर निघालं. दोन्ही आज इंटरनेटवर वाचता येतात.

आता विद्यार्थी काय करतो? डेव्हिडसनची यादी काढतो, तीत हतनूर-चांगदेव सापडत नाही, आणि लिहून मोकळा होतो की धरणापूर्वी इथे पाणपक्षी नव्हते. हा निष्कर्ष दोन कारणांनी टिकत नाही. एक, यादीच्या नावातच ‘पश्चिम’ आहे. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ मध्ये झाले, म्हणजे १८८२ मध्ये ‘पश्चिम खानदेश’ हा जिल्हा नव्हता. त्या शब्दाने एका मोठ्या जिल्ह्याचा पश्चिम भाग, आजच्या भाषेत धुळे-नंदुरबारकडचा प्रदेश समजायचा. तापी-पूर्णा संगम त्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन, साहेब जिथे फिरले आणि जिथे त्यांना रस होता, तिथलीच नोंद झाली. नोंद नसणं हा पुरावा नसतो.

ठिकाणाच्या नोंदीवर किती काय अवलंबून असतं, याचं जगभर गाजलेलं उदाहरण खानदेशातलंच आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड. डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात शहादा-तळोद्याकडे त्याचे नमुने गोळा केले होते. नंतर हा पक्षी कुणालाच दिसेना. दरम्यान रिचर्ड मायनर्ट्झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ तो मिळवल्याचा दावा केला आणि नमुन्याला तशी चिठ्ठी लावली. शोध त्यामुळे भलतीकडे वळले. पुढे संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासल्यावर कळलं की तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला नमुना होता. ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. शंभरहून जास्त वर्षांनी! इतिहासाची साधनं तपासणं हे ‘थिअरी’वाल्यांचं फॅड आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला हा किस्सा जरूर सांगा.

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवल्याची कथा तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे. दप्तरातली कोरी पानंही तशीच वाचायला शिकावं लागतं. ती कुणी कोरी ठेवली, का ठेवली, हे विचारलं की त्यांतूनही काही हाती लागतं.

पाण्याखाली काय गेलं

पक्ष्यांची जुनी नोंद विरळ असली तरी जमिनीची नोंद भरपूर असते, कारण जमिनीवर सारा असतो. पाणथळीच्या इतिहासाची खरी खाण इथेच आहे.

बुडीत क्षेत्रातली जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. म्हणजे राजपत्रातल्या अधिसूचना असणार आणि भूसंपादनाचे निवाडे असणार. निवाड्यात गट नंबर, क्षेत्र, जमिनीची प्रत, विहिरी, झाडं आणि मोबदला यांचा हिशेब असतो. तलाठी दप्तरातल्या फेरफार नोंदींत जमीन कधी सरकारकडे गेली ते कळतं. जुन्या सातबाऱ्यात त्या गटात कोणती पिकं होती ते सापडतं. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतली गावांची यादी १९७१ ची आणि १९८१ ची समोरासमोर ठेवली, तर कुठल्या गावाचं क्षेत्र घटलं, कुठलं गाव हललं याचा माग लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे धरणापूर्वीचे नकाशे आहेत. लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमा १९७२ पासूनच्या आहेत आणि फुकट मिळतात, म्हणजे धरणाआधीचं आणि नंतरचं चित्र तुम्ही घरबसल्या शेजारी-शेजारी ठेवू शकता.

या कागदांतून एक वेगळाच नकाशा उभा राहतो. दुर्बिणीतून जिथे लालसरीचा थवा दिसतोय, तो एकेकाळी कुणाच्या तरी नावावरचा गट होता. ज्याला आपण ‘अधिवास’ म्हणतो, त्याला त्या घरात ‘बुडालेलं शेत’ म्हणतात. दोन्ही शब्द खरे आहेत, आणि प्रबंधात दोघांनाही जागा मिळाली पाहिजे.

फडाचं पाणी आणि धरणाचं पाणी

खानदेशात गावाने मिळून पाणी सांभाळण्याची परंपरा जुनी आहे. धुळ्याकडे साक्री तालुक्यात आणि पांझरेच्या काठाने फड पद्धत चालत होती. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. कुठल्या फडात यंदा कोणतं पीक घ्यायचं, हे शेतकरी मिळून ठरवत. एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट, पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक. पाणी देण्यासाठी पाटकरी, पिकावर नजर ठेवायला जागल्या, त्यांचा मोबदला ठरलेला. वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी-मोटारी आल्या, तशी ही व्यवस्था खिळखिळी होत गेली.

फडाचा दाखला मी जुन्याचं गुणगान म्हणून देत नाहीये. फडातही भूमिहीनाला मत नव्हतंच. पण पाण्याचा निर्णय गावात होत होता. हतनूरमध्ये तो गावाबाहेर गेला. पाणीसाठा, दरवाजे, कालव्याचं आवर्तन हे जलसंपदा विभागाकडे आणि १९९७ पासून तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे. मासेमारीचा ठेका वेगळा. पक्ष्यांचं संरक्षण वनविभागाकडे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. काठाची उघडी पडणारी जमीन पुन्हा सरकारची. पाणी एक आणि दप्तरं चार! त्यामुळे ‘इथल्या गावाने पाणथळ जपली’ असं लिहिताना गावाच्या हातात नेमकं काय होतं, हे आधी दाखवावं लागेल.

चिखल कुणाचा

दिवाळीनंतर रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटतं, धरण उतरू लागतं आणि काठचा गाळ उघडा पडतो. महाराष्ट्रात धरणांच्या अशा जमिनीला ‘गाळपेर जमीन’ म्हणतात. ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने कसायला दिली जाते आणि त्यात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असतं. नांगरट फारशी लागत नाही, ओल असते, खत कमी लागतं. म्हणजे ज्याच्या आजोबांच्या नावावर तो गट होता, तोच आज तिथे एका हंगामाचा भाडेकरू असू शकतो.

आणि नेमका हाच चिखल हिवाळ्यात पक्ष्यांना हवा असतो. हंस आणि बदकं कोवळ्या पिकात उतरली की शेतकरी हाकलणार. फवारणी झाली की औषध पाण्यात उतरणार. मासेमारांची जाळी उथळ पाण्यात लागणार आणि पाणकावळे, बदकं त्यांत अडकू शकणार. यात ‘चांगले गावकरी’ आणि ‘वाईट गावकरी’ अशी वाटणी करून काही साधत नाही. गावाच्या आतच जमीन गेलेला आहे, न गेलेला आहे, मासेमार आहे, पक्षी दाखवायला नेणारा तरुण आहे. ‘समुदाय’ हा शब्द या सगळ्यांना एका पोत्यात भरतो. तुमचं काम ते पोतं सोडायचं.

कायद्याचा पेच

हा भाग अधिकृत कागदावर अवलंबून आहे, म्हणून तो नीट वाचा. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत पाणथळ नैसर्गिक असो की कृत्रिम, ती पाणथळच. आपल्याकडचे २०१७ चे पाणथळ नियमही ‘नैसर्गिक किंवा कृत्रिम’ असंच म्हणतात, पण पुढे अपवाद देतात: नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना. यातला ‘सिंचन’ हा शब्द अधोरेखित करा. हतनूर सिंचनासाठी बांधलेलं आहे. पक्षी-क्षेत्रांच्या यादीत ते महत्त्वाचं, पण नियमातल्या नुसत्या व्याख्येवर विसंबलं तर ते पाणथळीच्या बाहेर पडतं. पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे, तो ज्या चिखलात खातो त्याला मात्र आपोआप मिळत नाही.

मग वेगळा दर्जा मागायचा का? जवळचं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमधमेश्वर. तेही माणसाने केलेलंच. गोदावरी-कादवा संगमाखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला बंधारा, मागे साठलेला गाळ आणि त्यावर जमलेले पक्षी. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, गावातली मुलं वाटाडे म्हणून काम करतात. पण आकडे बघा. अभयारण्याचं मूळ क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर, रामसरमध्ये नोंदलेलं १,४३७ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचौदा चौरस किलोमीटर. मधल्या फरकात शेतं आहेत, गावं आहेत. सीमारेषा कुठून जाते यावर कुणाचं काय अडकतं, हे असे आकडे शेजारी ठेवल्यावर दिसू लागतं.

दुसरी दोन उदाहरणं तुलनेला घ्या. साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाणथळीचं गाव नाही, जंगलाचं आहे. तिथे १९९० च्या दशकात गावाने स्वतः नियम केले, तोडीवर दंड ठेवला, राखण केली. चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तिथल्या वनभाज्यांच्या महोत्सवाला लांबून लोक येतात. दुसरं, ओडिशातल्या चिलिका सरोवराकाठचं मंगळाजोडी. तिथले पक्ष्यांची शिकार करणारे लोक २००० च्या सुमारास समिती करून राखणदार झाले, पुढे नावाडी आणि वाटाडे झाले. या कामाला २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे राखणीचा थोडा तरी लाभ राखणाऱ्याच्या घरात पोचला. बारीपाड्यात तर नियम करण्याचा आणि दंड करण्याचा अधिकारही गावाने स्वतःकडे घेतला. हतनूरच्या काठावर यातलं काय आहे आणि काय नाही? माझ्या मते तुमचा संशोधन-प्रश्न इथे सुरू होतो.

जाताना काय करायचं

भुसावळ जंक्शनहून हतनूर आणि चांगदेव दोन्ही जवळ आहेत. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे. मात्र एकाच भेटीवर भागवू नका. पाणी भरलेलं असताना एकदा, उतरताना एकदा आणि मे महिन्यात एकदा असं किमान तीनदा जा. महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते, तेव्हा एक चक्कर जरूर मारा, कारण तेव्हा पाहुणे पक्षी परतीच्या तयारीत असतात आणि काठावर सगळ्यात जास्त माणसं असतात. पक्षी आणि भाविक यांचा एकाच काठावरचा वावर तेव्हा बघायला मिळतो.

पक्ष्यांचं पुस्तक खिशात ठेवा, पण लगेच काढू नका. समोरच्या काकांना आधी विचारा, ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ इकडे लेवा गणबोली आणि तावडी, धुळ्याकडे अहिराणी, म्हणून नावं बदलतात. ज्या पक्ष्याला स्थानिक नाव आहे तो बहुधा जुना ओळखीचा, ज्याला नाही तो कदाचित धरणानंतरचा. हा पक्का पुरावा नव्हे, पण तपासायला चांगला धागा आहे. तलाठी कार्यालयात अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. धुळ्याला गेलात तर राजवाडे संशोधन मंडळात बसा. मुलाखतीची परवानगी घेऊनच रेकॉर्डर सुरू करा. कुणाच्या जमिनीचा तपशील लिहिताना नाव झाका, कारण मोबदल्याचे दावे आणि भाऊबंदकी अजून जिवंत असू शकते.

आणि एक गोष्ट लवकर करा. धरण झालं तेव्हा जे विशीत होते, ते आज साठी ओलांडून गेले आहेत. ती बुडालेली शेतं ज्यांनी स्वतः कारभारी म्हणून कसली, ते तर सत्तरी-ऐंशीत आहेत. निवाडे दप्तरात राहतील, उपग्रहाच्या प्रतिमा राहतील. पण कोणत्या शेताच्या बांधावर कोणतं झाड होतं, संगमाच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या होत्या का, पाण्यावर तेव्हा कोणते पक्षी बसायचे, हे सांगणारी माणसं थोडीच वर्षं भेटणार आहेत. उद्या हतनूरला एखादा संरक्षित दर्जा द्यायचं ठरलं तर हद्दीचा नकाशा काढणाऱ्यांसमोर पक्ष्यांचे आकडे असतील. जमीन कुणाची होती आणि चिखलावर कोण जगतं, हेही त्यांच्यासमोर असायला हवं. ते लिहून ठेवण्यासाठी पक्षीतज्ज्ञ असण्याची गरज नाही, इतिहासाचा विद्यार्थी पुरेसा आहे. सिनॉप्सिस अजून जमा केला नसेल, तर येत्या हिवाळ्यात चांगदेवपर्यंत जाऊन या.